सर्वश्रेष्ठ टाइट एंड कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) नव्याने बघू लागलेले मित्र टाइट एंडबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं बाजू घेऊन दिली आहेत, हे आधीच सांगतो. टाइट एंडची पारख करताना झेल आणि ब्लॉकिंग (समोरच्याला अंगाने अडवणं) दोन्ही धरायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच माझा पहिला क्रमांक रॉब ग्रॉन्कोव्स्कीला. का, ते पुढे येईलच.

टाइट एंड म्हणजे नेमका कोण?

चेंडू खेळात येतो त्या क्षणी आक्रमण करणाऱ्या संघाचे किमान सात खेळाडू एका रेषेत उभे असावे लागतात. त्यातले मधले पाच म्हणजे भिंत. क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) जपायचं आणि धावणाऱ्याला वाट करून द्यायची एवढंच त्यांचं काम. पास झेलण्याची त्यांना एरवी मुभा नसते. रेषेच्या टोकाला उभा राहतो तो एंड, आणि शेजारच्या टॅकलला (भिंतीतल्या शेवटच्या खेळाडूला) जवळजवळ खेटून उभा राहतो म्हणून टाइट. टोकाला असल्यामुळे त्याला पास झेलता येतो आणि भिंतीला खेटून असल्यामुळे धक्काबुक्कीही त्याच्याच वाट्याला येते.

क्रिकेटमधलं सर्वांत जवळचं उदाहरण यष्टिरक्षक-फलंदाजाचं. त्याच्या धावा सगळ्यांना पाठ असतात. दिवसभर यष्टींमागे त्याने काय केलं, ते मात्र बारकाईने बघणाऱ्यालाच कळतं.

ब्लॉकिंगचं एवढं कौतुक कशासाठी? धक्काच तर द्यायचा असतो.

एकदा जवळून बघा. टाइट एंडचा एक हात जमिनीवर टेकलेला असतो. समोर १२०-१३० किलोचा डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या रेषेच्या टोकाचा खेळाडू) उभा असतो, आणि वाटेत येणाऱ्याला लोळवण्याचाच त्याला पगार मिळतो. चेंडू हलला की टाइट एंडचं पहिलं पाऊल जेमतेम वीतभर पडतं. जास्त लांब टाकलं तर तोल जातो. दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूने बसले पाहिजेत. हात बाहेरून गेले आणि जर्सी ओढली गेली तर होल्डिंगचा दंड, संघ १० यार्ड मागे. गुडघे वाकलेले, कंबर खाली. जो आधी ताठ उभा राहतो तो हरतो. हे सगळं दोन-अडीच सेकंदांचं काम, तेवढ्यात रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) पाठीमागून निसटतो आणि आठ यार्ड मिळवतो.

त्या आठ यार्डांची नोंद रनिंग बॅकच्या नावावर होते. टाइट एंडच्या नावापुढे काहीच लिहिलं जात नाही. या पदावरचा निम्मा वाद या न लिहिलेल्या रकान्यामुळे आहे.

टाइट एंडने पास झेलायला सुरुवात कधी केली?

याआधीही थोडेफार झेलत असत, पण खेळाचं गणित बदललं ते १९६१ मध्ये. शिकागो बेअर्सने माइक डिटकाला घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने ५६ झेल, १,०७६ यार्ड आणि १२ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले सहा गुण) केले. त्या काळी टाइट एंड म्हणजे जादाचा लाइनमन असं समीकरण होतं. डिटका ब्लॉकिंगमध्ये कुणाला हार जाणारा नव्हताच, वर चेंडू हातात आल्यावर अंगावर येणाऱ्याला तो स्वतःच जाऊन भिडायचा. नवख्या टाइट एंडने एका हंगामात केलेल्या यार्डांचा त्याचा विक्रम तब्बल ६३ वर्षं टिकला. १९८८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत) गेलेला तो पहिला टाइट एंड.

अनेकांना तो १९८५ च्या बेअर्सचा प्रशिक्षक म्हणूनच माहीत असतो. खेळाडू म्हणून तो त्याहून मोठा होता असं मला वाटतं.

जॉन मॅकीचं नाव जुने लोक इतक्या आदराने का घेतात?

कारण या पदावर वेग आणला तो मॅकीने. १९६३ ते १९७१ तो बाल्टिमोर कोल्ट्सकडून खेळला आणि शेवटचा हंगाम सॅन डिएगोकडून. कारकिर्दीत ३३१ झेल, ५,२३६ यार्ड. आजच्या मानाने आकडे लहान वाटतील, पण भागाकार करून बघा: दर झेलामागे जवळपास १५.८ यार्ड. हा आकडा लांब धावणाऱ्या रिसीव्हरला (पास झेलणं हेच ज्याचं मुख्य काम त्याला) शोभणारा आहे. १९६६ मध्ये त्याच्या नऊ टचडाउनपैकी सहा ५० किंवा त्याहून जास्त यार्डांचे होते. छोटा पास घ्यायचा, पहिल्या दोघांना अंगावरून झटकायचं आणि मग सुटायचं, ही त्याची पद्धत.

पाचव्या सुपर बोलमध्ये (हंगामाच्या अंतिम सामन्यात), जानेवारी १९७१ ला, जॉनी युनायटसचा पास आधी कोल्ट्सच्याच एडी हिंटनच्या हाताला लागला, मग काउबॉइजच्या मेल रेनफ्रोच्या बोटांना, आणि उसळून मॅकीकडे आला. त्या खेळीत कोल्ट्सला ७५ यार्डांचा टचडाउन मिळाला. कोल्ट्सने सामना १६-१३ असा जिंकला.

मैदानाबाहेरचं त्याचं काम याहून मोठं आहे. तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर नव्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि किती द्यायची ते लीगचे आयुक्त ठरवणार, असा तेव्हा नियम होता. अशा परिस्थितीत खेळाडूला घेणार कोण? मॅकीच्या नावाने हा खटला लढला गेला आणि १९७६ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरवला. आज खेळाडू मोकळेपणाने संघ बदलतात, त्याची मुळं तिथे आहेत. हॉल ऑफ फेमने मात्र त्याला १९९२ पर्यंत थांबवलं. एनएफएलच्या ५० वर्षांच्या सर्वोत्तम संघात ज्याला टाइट एंड म्हणून निवडलं होतं, त्याला एवढं थांबावं लागणं मला आजही खटकतं.

उतारवयात त्याला स्मृतिभ्रंश झाला. माजी खेळाडूंच्या अशा आजारात मदत करण्यासाठी २००७ मध्ये सुरू झालेल्या योजनेला त्याच्या जर्सीवरून ‘८८ प्लॅन’ असं नाव दिलं गेलं. २०११ मध्ये तो गेला.

केलन विन्स्लोने असं काय वेगळं केलं?

त्याला भिंतीपासून दूर नेलं गेलं. सॅन डिएगो चार्जर्सचे प्रशिक्षक डॉन कोरयेल यांनी विन्स्लोला कधी रेषेला खेटून, कधी रिसीव्हरसारखं बाहेर, तर कधी चेंडू सुटण्याआधी आडवं चालवत नेलं. त्याच्यासमोर लाइनबॅकर (भिंतीमागचा धिप्पाड बचावपटू) ठेवला तर त्याला वेग पुरत नसे, आणि छोट्या चणीचा डिफेन्सिव्ह बॅक ठेवला तर ताकद पुरत नसे. आज प्रत्येक संघ हेच करतो. १९८० मध्ये त्याने १,२९० यार्ड केले. टाइट एंडचा तो विक्रम २०११ पर्यंत टिकला.

पण विन्स्लो म्हटलं की मायामीचा सामना आठवतोच. २ जानेवारी १९८२, प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी), ऑरेंज बोल मैदानातली दमट हवा. चार्जर्स २४-० ने पुढे गेले, डॉल्फिन्सने सगळी आघाडी भरून काढली. विन्स्लोने १३ झेल घेतले, १६६ यार्ड आणि एक टचडाउन. पेटके येऊन पाय आखडत होते, खांद्याची नस दबली होती, ओठाला टाके पडले होते. दर वेळी सहकारी त्याला आधार देऊन बाजूला नेत आणि दर वेळी तो परत येई. ३८-३८ अशी बरोबरी असताना, निर्धारित वेळेच्या शेवटच्या किकवर, डॉल्फिन्सच्या फील्ड गोलपुढे (तीन गुणांच्या किकपुढे) उडी मारून त्याने चेंडूला हात लावला आणि किक फुकट गेली. हे टाइट एंडचं कामच नव्हे. जादा वेळेत चार्जर्स ४१-३८ ने जिंकले आणि दोन सहकाऱ्यांनी खांद्याला खांदा देऊन विन्स्लोला मैदानाबाहेर नेलं. तो फोटो एकदा तरी बघाच.

आकड्यांत तर टोनी गोन्झालेझ सर्वांच्या पुढे आहे. मग वाद कशाला?

१,३२५ झेल. १५,१२७ यार्ड. १११ टचडाउन. १४ वेळा प्रो बोल (हंगामातल्या सर्वोत्तमांची निवड). १७ हंगामांत, आधी कॅन्सस सिटी चीफ्स आणि मग अटलांटा फाल्कन्सकडून, २७० सामने, आणि त्यात हुकलेले सामने फक्त दोन. जिथे माणसं दर आठवड्याला गुडघे आणि खांदे गमावतात, तिथे ही शिस्त थक्क करणारी आहे. ‘कारकिर्दीने सर्वांत मोठा कोण’ असा प्रश्न असेल तर उत्तर गोन्झालेझच, त्यावर मी वाद घालणार नाही.

वाद सुरू होतो तो दोन ठिकाणी. तो सुपर बोल कधी खेळला नाही. प्लेऑफमधला त्याचा पहिला आणि एकमेव विजय त्याच्या सोळाव्या हंगामात, जानेवारी २०१३ मध्ये आला. याचा दोष त्याला देणं मला पटत नाही. त्या विजयातही शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याने १९ यार्डांचा झेल घेतला आणि त्यामुळेच विजयी किक आवाक्यात आली. दुसरा मुद्दा ब्लॉकिंगचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गोन्झालेझ ब्लॉकिंग नीट करायचा, पण प्रतिस्पर्ध्याने रात्री झोप उडवून घ्यावी असं त्यात काही नव्हतं.

बास्केटबॉल खेळणारे इतके टाइट एंड कसे?

रिबाउंड घेताना माणूस समोरच्याला पाठीवर घेतो, अंग मधे घालतो आणि चेंडू सर्वांत उंचावर असताना दोन्ही हातांनी खेचतो. टचडाउनच्या पट्ट्यात उंच फेकलेला पास झेलताना अगदी हेच करावं लागतं. गोन्झालेझ कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून दोन्ही खेळ खेळला.

अँटोनियो गेट्सची गोष्ट तर याहून भन्नाट. केंट स्टेट विद्यापीठात तो फक्त बास्केटबॉल खेळला, २००२ मध्ये त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचला. महाविद्यालयीन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या या मुलाला २००३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कुणीच घेतलं नाही. चार्जर्सने नंतर करार केला. त्याने ११६ टचडाउन केले. टाइट एंडमध्ये एवढे आजवर कुणाचेच नाहीत. २०२५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मग ग्रॉन्कोव्स्कीच का?

कारण दोन्ही कामं अव्वल दर्जाची करणारा त्याच्यासारखा दुसरा माझ्या पाहण्यात नाही. साडेसहा फूट उंची, सुमारे १२० किलो वजन. २०११ मध्ये १,३२७ यार्ड आणि १७ टचडाउन झेलले. एका हंगामात टाइट एंडने झेललेल्या टचडाउनचा आधीचा विक्रम १३ होता. कारकिर्दीत १४३ सामन्यांत ९२ टचडाउन, म्हणजे दर तीन सामन्यांना जवळपास दोन. गेट्सचा हिशेब दर दोन सामन्यांना एकच्या आसपास येतो, गोन्झालेझचा त्याहून कमी. दर झेलामागे जवळपास १५ यार्ड. आणि हा माणूस उरलेल्या वेळात डिफेन्सिव्ह एंडला एकट्याने अडवून धरत होता.

मला त्याचे विक्रमी दिवस तेवढे आठवत नाहीत जेवढा २०१८ च्या हंगामाचा शेवट आठवतो. पाठीने, गुडघ्यांनी त्रास दिलेला, वेग गेलेला, लोक म्हणत होते संपला. प्लेऑफ आले आणि त्याच्या संघाने, न्यू इंग्लंड पेट्रियट्सने, धावण्यावर भर दिला. रनिंग बॅक सोनी मिशेलने त्या प्लेऑफमध्ये ३३६ यार्ड धावून सहा टचडाउन केले. त्या धावांची चित्रफीत लावा आणि ग्रॉन्कोव्स्कीच्या ८७ क्रमांकाकडे बघा. तो बहुतेक वेळा कुणाला तरी वाटेतून बाजूला रेटत असतो. मग रॅम्सविरुद्धचा सुपर बोल, चौथं सत्र, ३-३ अशी बरोबरी. क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडीने चेंडू डाव्या बाजूला उंच टाकला, तिघं बचावपटू आसपास होते, आणि ग्रॉन्कोव्स्कीने खाली पडत तो पकडला. २९ यार्ड, चेंडू दोन यार्डांच्या रेषेवर. पुढच्याच खेळीत मिशेलने त्या सामन्यातला एकमेव टचडाउन केला. पेट्रियट्स १३-३ ने जिंकले.

पण तो सारखा जखमी असायचा ना?

हो, आणि हा त्याच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. २०१२ मध्ये हात मोडला, २०१३ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, २०१६ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया. न्यू इंग्लंडमधल्या नऊ हंगामांपैकी पहिल्या दोनच हंगामांत तो सगळे १६ सामने खेळला. त्याच्या नावावर चार सुपर बोल आहेत, पण त्यातल्या एका वेळी, २०१६ च्या हंगामात, तो जखमी असल्याने मैदानावर नव्हता. ज्याला टिकून राहणं हीच खरी कसोटी वाटते त्याने गोन्झालेझला मत द्यावं. मी शिखराची उंची बघतो.

आणि ट्रॅव्हिस केल्सी? भारतात तर त्याचंच नाव माहीत आहे.

गायिका टेलर स्विफ्टशी नातं जुळल्यामुळे २०२३ पासून ते घरोघरी पोहोचलं हे खरं. पण तोवर त्याचं बरंचसं काम होऊन गेलं होतं: २०१६ ते २०२२, सलग सात हंगाम दर वेळी १,००० यार्डांच्या पुढे. असं दुसऱ्या कुठल्याही टाइट एंडला जमलेलं नाही. २०२० मध्ये १,४१६ यार्ड. तीन सुपर बोल. प्लेऑफमधल्या झेलांचा जेरी राइसचा विक्रमही त्याने मोडला, आणि राइस म्हणजे रिसीव्हरांचा राजा.

केल्सी शाळेत क्वार्टरबॅक होता, आणि ते त्याच्या खेळात दिसतं. ठरवलेल्या वाटेने तो धावतोच असं नाही. बचावपटूंमध्ये फट कुठे पडते ते हेरतो आणि तिथे जाऊन थांबतो. त्याच्या चीफ्स संघाचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स, त्याला ते न सांगता कळतं. जानेवारी २०२२ मध्ये बफेलोविरुद्ध १३ सेकंद उरले होते आणि चीफ्स तीन गुणांनी मागे होते. दोन खेळींत ४४ यार्ड मिळाले, त्यातला २५ यार्डांचा दुसरा झेल केल्सीचा. किकने बरोबरी झाली आणि जादा वेळेतला विजयी टचडाउनही त्यानेच झेलला.

निव्वळ पास झेलणारा म्हणून मी त्याला सर्वांत वर ठेवेन. भिंतीचा भाग म्हणून तो ग्रॉन्कोव्स्कीच्या जवळपासही नाही, आणि चीफ्सनेही त्याच्याकडून ती अपेक्षा फारशी ठेवली नाही. योगायोग असा की दोघांचा क्रमांक ८७, आणि फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये दोघं समोरासमोर आले. केल्सीने १० झेल आणि १३३ यार्ड केले. ग्रॉन्कोव्स्कीने दोन टचडाउन केले आणि त्याचा नवा संघ टँपा बे ३१-९ ने जिंकला.

१९६१ चे आकडे आणि आजचे आकडे एका तागडीत कसे घालायचे?

सरळ घालू नयेत. डिटकाच्या काळी हंगाम १४ सामन्यांचा होता, १९७८ पासून १६, २०२१ पासून १७. त्याहून मोठा बदल नियमांचा. १९७८ आधी चेंडू हवेत जाईपर्यंत बचावपटू रिसीव्हरला मैदानभर धक्के देऊ शकत. त्या वर्षापासून पहिल्या पाच यार्डांपलीकडे हात लावायला बंदी आली. पुढे डोक्यावर आदळणाऱ्या टकरींवर दंड आले. मैदानाच्या मधोमध, जिथे टाइट एंडचं राज्य असतं, तिथे पूर्वी चेंडूसाठी हात वर करणं म्हणजे बरगड्या उघड्या टाकणं होतं. माझा नियम साधा आहे: खेळाडू आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती पुढे होता ते बघा.

बाकीची नावं?

शॅनन शार्प: ड्राफ्टच्या सातव्या फेरीत निवडलेला, १०,०६० यार्ड करून १०,००० ओलांडणारा पहिला टाइट एंड, तीन सुपर बोल. जानेवारी २००१ मध्ये ओकलंडला त्याने ९६ यार्डांचा टचडाउन केला. त्याचा भाऊ स्टर्लिंग २०२५ मध्ये गेट्ससोबतच हॉल ऑफ फेममध्ये गेला. ओझी न्यूसम: क्लीव्हलंडकडून ६६२ झेल, नंतर बाल्टिमोर रेव्हन्स घडवणारा व्यवस्थापक. जेसन विटन: १,२२८ झेल, आणि ब्लॉकिंगमध्येही चोख; २००७ मध्ये हेल्मेट उडालं तरी तो थांबला नाही. रेडर्सचा डेव्ह कॅस्पर दोन्ही कामांत तरबेज होता.

जॅकी स्मिथबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १५ हंगाम सेंट लुइसकडून खेळून तो निवृत्त होत होता तेव्हा टाइट एंडमध्ये सर्वाधिक यार्ड त्याचे होते. मग काउबॉइजने बोलावलं, आणि जानेवारी १९७९ च्या सुपर बोलमध्ये टचडाउनच्या पट्ट्यात एकटा असताना त्याच्या हातून पास सुटला. काउबॉइज चार गुणांनी हरले. लोकांना आठवतो तो एक सुटलेला पास. १९९४ मध्ये हॉल ऑफ फेमने ४८० झेलही आठवणीत ठेवले, याचं मला समाधान आहे.

तुमची यादी?

ग्रॉन्कोव्स्की, गोन्झालेझ, केल्सी, मॅकी, विन्स्लो. सहावा डिटका, आणि त्याला पाचात न घेताना हात अडखळतो. एनएफएलच्या १०० वर्षांच्या संघात २०१९ मध्ये पाच टाइट एंड निवडले गेले: डिटका, मॅकी, विन्स्लो, गोन्झालेझ, ग्रॉन्कोव्स्की. केल्सीची बरीच मोठी वर्षं तेव्हा अजून यायची होती.

सध्याच्यांपैकी कोण या यादीत शिरू शकेल?

जॉर्ज किटल माझा आवडता, कारण तो ब्लॉकिंग हसत हसत करतो. २०१८ मध्ये १,३७७ यार्ड आणि त्याच वेळी माणसं जमिनीत गाडणारा तोच. तरुणांमध्ये रेडर्सचा ब्रॉक बॉवर्स: २०२४ मध्ये पहिल्याच हंगामात ११२ झेल आणि १,१९४ यार्ड. डिटकाचा तो ६३ वर्षांचा विक्रम मोडला तो यानेच.

पहिल्यांदाच सामना बघायला बसलो तर काय बघू?

सुपर बोल भारतात सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. चहा करून बसा आणि पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. टॅकलच्या शेजारी उभा असलेला, बहुतेकदा ८० ते ८९ मधला क्रमांक शोधा. त्याचा हात जमिनीवर टेकलेला आहे का ते पाहा. चेंडू हलला की तो कुणाला भिडतो, किती वेळ धरून ठेवतो आणि कधी अचानक सोडून मोकळ्या जागेत सटकतो, एवढंच बघा. चेंडू कुठे गेला ते रिप्लेमध्ये दिसेलच.